अनोळखी होडी, बेवारस पिशवी, संशयास्पद हालचाल दिसली तर नेमकं काय करायचं? गावकऱ्यांसाठी सविस्तर माहिती

१८ ऑगस्ट २०२२. दुसऱ्या दिवशी दहीहंडी होती. रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बोट वाहत येऊन लागली. बोटीवर माणूस नव्हता, पण तीन एके-४७ रायफली आणि काडतुसं होती. खबर पोलिसांपर्यंत गेली, बोट ताब्यात घेतली, जिल्ह्यात नाकाबंदी लागली, एटीएस आली. भरडखोलच्या किनाऱ्यालाही एक लाइफबोट सापडली.

पुढे तपासात कळलं की बोटीचं नाव ‘लेडी हान’, मालकीण ऑस्ट्रेलियाची नागरिक. २६ जून २०२२ ला मस्कतहून युरोपकडे जाताना बोटीचं इंजिन बंद पडलं. कोरियाच्या युद्धनौकेनं बोटीवरच्या लोकांना वाचवलं, पण समुद्र खवळलेला असल्यानं बोट ओढून नेता आली नाही. ती तशीच वाहत वाहत कोकणात आली. दहशतवादाचा संबंध निघाला नाही.

मग एवढी धावपळ फुकट गेली का? नाही. ती का फुकट गेली नाही, हे कळायला याच तालुक्यातली त्याआधीची २९ वर्षांपूर्वीची गोष्ट माहीत असायला हवी.

१९९३ : माल उतरला, खबर अडली

जानेवारी १९९३ मध्ये दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला रात्रीच्या वेळी समुद्रातून माल उतरला. दोन्ही गावं श्रीवर्धन तालुक्यातलीच. त्या काळात या किनाऱ्यावर चांदी-सोन्याची तस्करी नवी नव्हती. रात्री होडी लागायची, मजूर माल उतरवायचे, ट्रक निघून जायचे. ‘चांदी असेल’ म्हणून कोणी फारसं विचारत नसे. या खेपेला मात्र खोक्यांत आरडीएक्स, रायफली आणि हातबॉम्ब होते.

खबर अडली ती इथंच. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी गाड्या अडवल्या होत्या. पण लाच घेऊन सोडून दिल्या. कस्टमचे काही अधिकारीही सामील होते. पुढे टाडाच्या विशेष न्यायालयानं या प्रकरणात पोलीस आणि कस्टमच्या माणसांनाही दोषी ठरवलं, आणि मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बॉम्बस्फोट खटल्याचा अंतिम निकाल दिला.

१२ मार्च १९९३ ला मुंबईत एकामागून एक स्फोट झाले. २५७ जणांचा जीव गेला, ७०० हून जास्त लोक जखमी झाले. त्यातलं आरडीएक्स याच किनाऱ्यावरून गेलं होतं.

म्हणजे माल उतरवणाऱ्या हातांनी पाहिलं होतं, ट्रकवाल्यांनी पाहिलं होतं, नाक्यावर पाहिलं होतं. दिसलं नाही असं झालं नाही. दिसलं, पण सांगितलं गेलं नाही, आणि जिथं अडवलं तिथं पैसे घेऊन सोडलं गेलं.

२००८ : हटकलं, पण साखळी तयार नव्हती

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातले दहा दहशतवादी कराचीहून समुद्रमार्गे निघाले. वाटेत त्यांनी गुजरातची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट पळवली आणि तिच्या तांडेलाचा खून केला. मुंबईजवळ रबरी होडीत बसून ते कफ परेडला बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीत उतरले. वस्तीतल्या माणसांनी त्यांना पाहिलं, कोण-कुठले म्हणून हटकलं. उडवाउडवीची उत्तरं देऊन ते पाठीवर बॅगा घेऊन निघून गेले. त्या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला.

सामान्य माणसाची नजर त्या रात्रीही चुकली नव्हती. पण हटकल्यावर पुढे काय करायचं, कोणता नंबर लावायचा, फोन लावला तर कोण धावून येणार, हे ठरलेलं नव्हतं. त्यानंतर सागरी पोलीस ठाणी वाढली, मच्छीमारांना ओळखपत्रं आली, बोटींची नोंदणी काटेकोर झाली, सागर सुरक्षा दलांवर भर आला.

२०२२ ला हरिहरेश्वरला बोट निघाली निराळीच, पण साखळी चालली. खबर निघाली, पोहोचली, पोलीस आले, तपास झाला. खरी परीक्षा याचीच असते. दहा वेळा काही निघणार नाही, अकराव्या वेळी निघेल. म्हणून दहाही वेळा फोन लागला पाहिजे.

गावात जबाबदारी कोणाची?

पोलीस पाटील : महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ नुसार गावोगावी पोलीस पाटील नेमला जातो. गावातल्या गुन्ह्यांची आणि कायदा-सुव्यवस्थेची माहिती ठाण्याला देणं, गुन्हा घडू नये म्हणून प्रयत्न करणं हे त्याचं कर्तव्य आहे. गावात नवा माणूस राहायला आला, काही वावगं दिसलं, तर पोलीस पाटलाला सांगणं ही पहिली पायरी. पण ती एकमेव पायरी नाही. पाटील गावात नसेल किंवा वेळ नसेल तर थेट फोन करायचा.

सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्य : बऱ्याच सदस्यांना हे माहीत नसतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४ नुसार गावच्या कारभाराशी संबंधित अधिकाऱ्यांवर काही गोष्टींची माहिती जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा दंडाधिकाऱ्याला ताबडतोब देण्याची जबाबदारी आहे, आणि यात पंचायतीचे सदस्यही धरले जातात. फरारी घोषित केलेला आरोपी गावात असणं, गावात किंवा गावाजवळ अजामीनपात्र गुन्हा घडणं किंवा घडवण्याचा बेत असणं, संशयास्पद मृत्यू, अशा गोष्टी त्यात येतात.

सामान्य नागरिक : त्याच संहितेच्या कलम ३३ मध्ये काही गंभीर गुन्ह्यांची यादी आहे. असा गुन्हा झाल्याचं किंवा होणार असल्याचं माहीत असेल तर ते सांगणं प्रत्येकाचं कर्तव्य आहे.

सागर सुरक्षा दल आणि ग्राम सुरक्षा दल : यात गावातलीच माणसं असतात. किनाऱ्यावर मच्छीमार, वरच्या भागात तरुण आणि निवृत्त जवान. काम बहुतेक स्वयंसेवी असतं. त्यांना अटक करायचा किंवा झडती घ्यायचा वेगळा अधिकार नाही. पाहायचं, कळवायचं आणि पोलीस आले की मदत करायची, एवढंच त्यांचं काम.

बीट अंमलदार : प्रत्येक गाव कोणत्या ना कोणत्या बीटमध्ये येतं. त्या बीटच्या पोलिसाचं नाव आणि मोबाईल नंबर गावाला माहीत असायला हवा. नसेल तर ठाण्यात जाऊन विचारता येतो.

कोणता नंबर कधी लावायचा?

११२ : पोलीस, आग, रुग्णवाहिका, सगळ्यासाठी एकच नंबर. फोनमध्ये सेव्ह नसला तरी पाठ असावा.

१०९३ : सागरी सुरक्षेसाठी पोलिसांचा नंबर. किनाऱ्यावर किंवा खाडीत काही संशयास्पद दिसलं तर हा.

१५५४ : तटरक्षक दलाचा नंबर. खोल समुद्रात बोट संकटात असेल, माणूस पाण्यात असेल तर हा.

समुद्रात मोबाईलला रेंज नसते. तिथं व्हीएचएफ सेटवर चॅनल १६ हा संकटाचा आणि हाक मारण्याचा चॅनल आहे. तांडेल आणि खलाशी, सगळ्यांनाच तो लावता आला पाहिजे.

११२ बद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. हा फोन तुमच्या तालुक्याच्या ठाण्यात वाजत नाही. तो आधी राज्याच्या नियंत्रण केंद्रात जातो. मुख्य केंद्र नवी मुंबईत, दुसरं नागपुरात. तिथून तुमच्या जवळच्या पोलीस गाडीला निरोप जातो. फोन उचलणाऱ्याला तुमचा ‘वडाचा थांबा’ किंवा ‘खालची वाडी’ माहीत नसते. एकाच नावाची गावंही राज्यात कितीतरी आहेत. म्हणून गाव, तालुका, जिल्हा असं तिन्ही नीट सांगायचं.

फोनवर काय सांगायचं?

घाबरलेला माणूस पहिल्यांदा ‘लवकर या, लवकर या’ एवढंच म्हणतो आणि त्यातच वेळ जातो. त्याऐवजी या क्रमानं सांगा.

१. कुठं : गाव, तालुका, जिल्हा आणि जवळची ओळखीची खूण. शाळा, देऊळ, मशीद, जेटी, पाण्याची टाकी, किलोमीटरचा दगड.

२. काय : डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. ‘अतिरेकी आलेत’ असं नाही, तर ‘नंबर नसलेली होडी लागली आहे, चार माणसं पोती उतरवत आहेत’ असं.

३. कधी : आत्ता चालू आहे की तासाभरापूर्वीचं आहे.

४. कोण : किती माणसं, कपडे, हातात काय, भाषा कळली का.

५. वाहन : नंबर, रंग, कंपनी, कुठल्या दिशेनं गेलं. नंबर अर्धा दिसला असेल तर अर्धा सांगा. होडी असेल तर नोंदणी क्रमांक. आपल्या राज्याच्या बोटींवर तो ‘आयएनडी-एमएच’नं सुरू होतो.

६. तुम्ही कुठं आहात : सुरक्षित आहात का, पोलीस आल्यावर कुठं भेटाल.

ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळं सांगा. ‘मी पाहिलं नाही, शेजाऱ्यानं सांगितलं’ असं म्हटल्यानं खबर खोटी ठरत नाही, उलट पोलिसांना पुढची चौकशी सोपी जाते.

संशय माणसावर नाही, कृतीवर

हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. दाढी, टोपी, भगवी कफनी, बुरखा, वेगळी भाषा, मळके कपडे, यातलं काहीच संशयाचं कारण नाही. गावात फेरीवाले येतात, ऊसतोड मजूर येतात, बहुरूपी, डवरी, मेंढपाळ येतात, परराज्यातले खलाशी आणि गवंडी येतात. त्यांचं येणं हा गुन्हा नाही. पाहायचं ते माणूस काय करतोय याकडे.

समुद्रात आणि किनाऱ्यावर : नंबर पुसलेली किंवा खोडलेली बोट. मासेमारीची जाळी नसताना रात्रभर एकाच जागी थांबणारी बोट. दिवे बंद करून किनाऱ्याकडे येणारी होडी. जेटी सोडून आडबाजूला माल उतरवणं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. त्या काळात ट्रॉलर समुद्रात दिसला तर ते कळवायलाच हवं.

गावात आणि रस्त्यावर : धरणाची भिंत, पूल, रेल्वे रूळ, वीज उपकेंद्र, पोलीस ठाणं यांचे वारंवार फोटो काढणं, पहारा कधी बदलतो याची विचारपूस करणं. बंद पडलेल्या घरात किंवा फार्महाऊसवर रात्री-अपरात्री सामान उतरणं. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या नंबरप्लेट वेगळ्या असणं.

विहीर आणि खाण : आपल्याकडे विहिरीसाठी आणि दगडखाणीत सुरुंग लागतात. जिलेटिनच्या कांड्या आणि डिटोनेटर ही साधी वस्तू नव्हे. ती परवानाधारकाकडेच असायला हवी आणि तिचा हिशोब ठेवायचा असतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबईत एका बड्या उद्योगपतीच्या घराजवळ उभ्या गाडीत सापडल्या त्या जिलेटिनच्याच कांड्या होत्या. काम संपल्यावर उरलेल्या कांड्या गोठ्यात ठेवू नका, मासे मारायला कोणाला देऊ नका. चोरीला गेल्या तर लपवू नका, लगेच ठाण्यात कळवा. लपवलेल्या कांड्या उद्या कुठं सापडल्या तर चौकशी तुमच्याच दारात येईल.

बेवारस पिशवी, डबा, पेटी दिसली तर

एसटी स्टँड, आठवडी बाजार, जत्रा, देवळाचा मंडप, इथं गर्दी असते आणि सामान विसरतंही. बहुतेक वेळा त्यात कपडेच निघतात. तरीही पद्धत एकच.

हात लावू नका, हलवू नका, उघडू नका, पाणी ओतू नका. आजूबाजूला ‘ही पिशवी कोणाची?’ असं एकदा मोठ्यानं विचारा. कोणी पुढे आलं नाही तर लोकांना शांतपणे दूर न्या, भिंतीच्या किंवा पक्क्या आडोशाच्या पलीकडे. वस्तूजवळ उभं राहून मोबाईल वापरू नका. लांब गेल्यावर ११२ लावा. बॉम्ब शोधक व नाशक पथक येईपर्यंत कोणालाही जवळ जाऊ देऊ नका. व्हिडिओ काढायला पुढे जाणारा उत्साही तरुण प्रत्येक गावात असतो. त्याला आधी मागे खेचा.

किनाऱ्यावर वाहून आलेली पिंपं, पेट्या, पाकिटं यांनाही हाच नियम. ‘काय आहे बघू तरी’ म्हणून घरी नेऊ नका.

घर, होमस्टे, सिमकार्ड : इथं काळजी घ्या

भाडेकरू : घर, गाळा किंवा शेतघर भाड्यानं देताना ओळखपत्राची प्रत, फोटो, मूळ गावचा पत्ता घ्या आणि माहिती पोलीस ठाण्यात द्या. भाडं जास्त मिळतंय म्हणून कागद टाळू नका. जो माणूस दुप्पट भाडं देतो आणि ओळखपत्र द्यायला टाळाटाळ करतो, त्याची माहिती तर द्यायलाच हवी.

होमस्टे आणि लॉज : कोकणात घराघरात पर्यटक उतरतात. रजिस्टर ठेवा, प्रत्येकाचं ओळखपत्र तपासा. परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांच्या आत परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. जमत नसेल तर ठाण्यात विचारा.

सिमकार्ड आणि बँक खातं : ‘तुझ्या नावावर एक सिम काढून दे, पाचशे रुपये देतो’ असं कोणी म्हटलं तर नाही म्हणा. बँक खातं आणि एटीएम कार्ड भाड्यानं देण्याचंही तसंच. तुमच्या नावाच्या सिमवरून कोणी काहीही केलं तरी पहिली चौकशी तुमची. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर पाहता येतं आणि अनोळखी नंबर कळवताही येतो.

आसरा : दहशतवादी असल्याचं माहीत असूनही कोणाला लपवणं हा यूएपीए कायद्याच्या कलम १९ खाली गुन्हा आहे. शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. ‘नात्यातला होता’ ही सबब चालत नाही. पती-पत्नीला तेवढी सूट आहे.

घरातला मुलगा बदलतोय असं वाटलं तर

सगळा धोका बाहेरूनच येतो असं नाही. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेच्या नावाखाली इराकला गेले आणि आयसिसमध्ये सामील झाले. शिकलेली, साध्या घरची मुलं. वाट मोबाईलवरून सापडली होती.

मुलगा एकाएकी जुने मित्र तोडतो, शिक्षण सोडतो, रात्रभर बंद ग्रुपवर असतो, एखाद्या जातीच्या किंवा धर्माच्या माणसांना मारणं योग्यच आहे असं बोलू लागतो, घरातून जायची भाषा करतो. अशा वेळी आई-बापाला दोन भीती वाटतात. एक मुलाची, दुसरी पोलिसांची. बोललो तर मुलगा आत जाईल म्हणून घरचे गप्प बसतात.

विचार करणं हा गुन्हा नाही, आणि अजून काही केलेलं नाही त्या मुलाला परत आणायची वेळ हीच असते. महाराष्ट्र एटीएसनं अशा तरुणांसाठी समुपदेशनाचा मार्ग वापरला आहे. त्यात घरच्यांना आणि समाजातल्या जाणत्यांना सोबत घेतलं जातं. आधी घरात बोला. मग मुलगा ज्यांचं ऐकतो असे शिक्षक, मौलाना, महाराज, मामा, काका यांना सांगा. हाताबाहेर जातंय असं वाटलं तर विश्वासातल्या वकिलाला किंवा जाणत्या माणसाला सोबत घेऊन पोलीस अधीक्षक कार्यालयात भेटा. हे कोणत्याही एका धर्माच्या घरापुरतं नाही. द्वेषाचे व्हिडिओ सगळ्यांच्याच मोबाईलवर येतात.

खबर ग्रुपवर नाही, पोलिसांना

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज व्हॉट्सअॅपवर कित्येक दिवस फिरत होते. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण त्या दिवशी गावात आले होते. जमावानं त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. टोळी नव्हतीच. २०२४ मध्ये न्यायालयानं या प्रकरणात सात जणांना जन्मठेप दिली. पाच घरं सोलापूरकडची उद्ध्वस्त झाली, आणि इकडचीही झाली.

१६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथं दोन साधू आणि त्यांचा चालक असेच अफवेच्या भरात मारले गेले.

सावध गाव आणि अफवेनं पेटलेलं गाव यात फरक एवढाच, की सावध गाव ११२ लावतं आणि पेटलेलं गाव ग्रुपवर फोटो टाकतं. अनोळखी माणसाचा फोटो ‘हा बघा, सावध राहा’ म्हणून टाकणं म्हणजे त्याच्या जिवावर उठणं आहे. आणि तो खरोखर गुन्हेगार असेल, तर ग्रुपवरचा मेसेज त्याच्यापर्यंतही पोहोचतो आणि तो पसार होतो.

कायदा काय सांगतो? तुमच्या डोळ्यांसमोर कोणी अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करत असेल तर त्याला धरण्याचा अधिकार नागरिकाला आहे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४०). पण विनाविलंब पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. मारायचा अधिकार कोणालाच नाही. पाच किंवा अधिक जणांच्या जमावानं जात, धर्म, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून खून केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ नुसार जमावातल्या प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते. ‘मी फक्त उभा होतो’ हे सिद्ध करताना आयुष्य जातं.

फोन केल्यावर आपल्याला त्रास होईल का?

लोक गप्प बसतात ते बहुतेक याच भीतीनं. काही प्रश्न नेहमी विचारले जातात.

नाव उघड होईल का? फोन करताना ‘माझं नाव कोणाला सांगू नका’ असं स्पष्ट सांगा. गावात कोणालाही, अगदी जवळच्यालाही, ‘मीच फोन केला’ असं सांगत फिरू नका. नाव बहुतेक वेळा ठाण्यातून नाही, कट्ट्यावरून फुटतं.

काहीच निघालं नाही तर? खरं वाटून दिलेली माहिती चुकीची निघाली तर गुन्हा होत नाही. कोणाला मुद्दाम अडकवायला, भावकीचा किंवा बांधाचा राग काढायला खोटी माहिती दिली तर मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली शिक्षा आहे.

ठाण्यात दाद दिली नाही तर? दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण चालत नाही. ऑनलाईनही देता येते, तीन दिवसांत जाऊन सही करायची. नोंद घेतलीच नाही तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते (कलम १७३). स्थानिक पोलीसच सामील असल्याचा संशय असेल तर थेट जिल्हा नियंत्रण कक्ष किंवा अधीक्षक कार्यालय गाठा. गोंडघर फाट्यावर जे झालं ते पुन्हा होऊ नये म्हणून ही वाट माहीत असलेली बरी.

भरवसा दोन्ही बाजूंनी लागतो

लोकांनी खबर द्यावी असं वाटत असेल तर पोलिसांनाही काही पाळावं लागतं. खबर देणाऱ्याला चार-चार वेळा ठाण्यात बसवून ठेवलं, ‘तुला कसं कळलं?’ म्हणून त्याच्यावरच संशय घेतला, की तो माणूस पुढच्या वेळी तोंड फिरवतो. आणि तो एकटा फिरवत नाही, सगळी वाडी फिरवते.

समुद्रापासून लांब, राज्याच्या पूर्व टोकाला गडचिरोलीतही हाच प्रश्न होता. तिथं माओवाद्यांची बंदूक एकीकडे आणि पोलिसांची दुसरीकडे, मधे आदिवासी गाव. कोणाशी बोललं तरी जिवाला धोका. तिथल्या पोलिसांनी पुढे ‘दादालोरा खिडकी’ सुरू केली. दुर्गम भागातल्या पोलीस मदत केंद्रातच जातीचे दाखले, सरकारी योजनांचे अर्ज, आधारची कामं होऊ लागली. दाखल्यासाठी चाळीस-पन्नास किलोमीटर चालत जाणारा माणूस आता पोलिसांच्या दारात कामासाठी येतो. ज्या दारात काम होतं तिथं माणूस मन मोकळं करतो. कित्येक गावांनी नक्षलवाद्यांना गावबंदीचे ठराव केले.

किनाऱ्यावर ‘सागर कवच’ सराव होतो तो याचाच भाग. पोलीस आणि नौदलाची काही माणसं ‘शत्रू’ बनून किनाऱ्यावर घुसायचा प्रयत्न करतात आणि बाकीची यंत्रणा त्यांना पकडते. सरावाच्या दिवशी ‘नाटक चाललंय’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. आपल्या गावातून ते सुटले की पकडले गेले, हे दुसऱ्या दिवशी ठाण्यात विचारा.

येत्या ग्रामसभेत या सहा गोष्टी करता येतील

१. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ११२, किनारी गाव असेल तर १०९३ आणि १५५४, पोलीस पाटील, बीट अंमलदार आणि ठाण्याचा नंबर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या.

२. वाडीवार दोन माणसं ठरवा. रात्री-अपरात्री फोन उचलतील अशी. त्यात एक बाई असावी. दिवसा गावात बायकाच जास्त असतात आणि नवं काय दिसलं ते आधी त्यांनाच कळतं.

३. ग्राम सुरक्षा दल किंवा सागर सुरक्षा दल कागदावरच असेल तर नावं नव्यानं द्या. ठाण्यातून ओळखपत्रं मागा.

४. गावात कामाला आलेल्या बाहेरच्या मजुरांची माहिती मुकादमाकडून घेऊन ठाण्यात द्या. हे त्यांना हाकलायला नाही. त्यांच्यावर उद्या खोटा आळ आला तर हीच नोंद त्यांना वाचवते.

५. जत्रा, उरूस, सप्ताह, गणपती यांच्या बैठकीत बेवारस वस्तू दिसली तर कोण काय करेल ते ठरवा. माईकवरून घाबरवणारी घोषणा करायची नाही, हेही ठरवा.

६. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपच्या अॅडमिननं एक नियम करावा. अनोळखी माणसाचा फोटो किंवा ‘टोळी आली’ असा मेसेज आला की तो उडवायचा आणि टाकणाऱ्याला विचारायचं : ११२ लावलास का?